चमच्यानं मोजलेला आमदार

हलग्याजवळच्या सुवर्ण विधानसौधात हिवाळी अधिवेशन भरलं, की बेळगावात आमदारांच्या ‘गुणपत्रिका’ व्हॉट्सॲपवर फिरायला लागतात. माझ्याकडं आलेल्या एका पत्रिकेत आमच्या भागातल्या एका आमदारापुढं लिहिलं होतं, ‘कट्टर उजवा, ८.७’. हा ८.७ कुठून आला, कशाला भागून आला, त्याचा पत्ता नव्हता. मी शाळेत गणित शिकवतो. दशांश चिन्ह दिसलं की लोक विश्वास ठेवतात, हे रोज बघतो, म्हणून हा लेख.

लोकप्रतिनिधी किती उजवा, किती डावा, हे आकड्यात मांडता येतं का? येतं. अमेरिकेत कीथ पूल आणि हॉवर्ड रोझेंथल या दोन राज्यशास्त्रज्ञांनी १९८० च्या दशकात त्याची रीत बसवली. तिचं नाव ‘नॉमिनेट’. ती नेत्याचं भाषण ऐकत नाही, पक्ष विचारत नाही, विधेयकात काय लिहिलंय तेही वाचत नाही. कोणी ‘होय’ म्हटलं आणि कोणी ‘नाही’, एवढाच तक्ता तिला लागतो. एवढ्यावरून माणसाची जागा कशी सापडते, हे मला पहिल्यांदा समजलं तेव्हा रात्री झोप लागली नव्हती. तेच इथं सविस्तर सांगतो.

घरी आम्ही हा प्रयोग चहावर केला. माझे वडील बिनसाखरेचा चहा घेतात, आई एक चमचा, बायको दोन, शेजारच्या काकू तीन आणि मुलगा चार. मुलीला यातलं काही न सांगता तिच्या हातात वही दिली. मी आत ओट्यावर दोन-दोन कपांच्या जोड्या करत होतो: बिनसाखरेचा आणि एक चमच्याचा, एक आणि दोन चमच्यांचा, एक आणि चार चमच्यांचा, तीन आणि चार चमच्यांचा. प्रत्येकानं दोन्ही कपांतला घोट घेऊन आवडलेला कप सांगायचा. मुलीनं फक्त ‘लाल कप’ की ‘निळा कप’ एवढंच लिहायचं. कुठल्या रंगात साखर जास्त, हे मी दर वेळी बदलत होतो.

माणूस आपल्या आवडीच्या जास्त जवळचा कप उचलतो. म्हणजे प्रत्येक जोडीला मधोमध एक सीमा असते. एक आणि चार चमचे असतील, तर सीमा अडीच चमच्यांवर. तिच्या अलीकडची माणसं एक कप घेतात, पलीकडची दुसरा. पहिल्या जोडीत वडील एका बाजूला आणि बाकी चौघं दुसऱ्या. दुसरीत वडील आणि आई एकीकडं. तिसरीत काकू आणि मुलगा वेगळे पडले, चौथीत मुलगा एकटा. मुलीनं नावांच्या ओळी वरखाली केल्या, दोन रकान्यांतले रंग उलटे करून घेतले आणि वहीत सरळ जिना उभा राहिला: वडील, आई, बायको, काकू, मुलगा. साखरेचा दाणाही न बघता तिनं पाचही जणांना गोडाच्या क्रमानं लावलं होतं. गोड टोक कुठलं, एवढं मात्र तिला सांगता येईना. तो जिना उलटा वाचला तरी तितकाच खरा होता.

विधिमंडळातही असंच असतं. विधेयक म्हणजे कपांची जोडी: नवा कायदा किंवा आहे ती स्थिती. ‘उजवं’ आणि ‘डावं’ ही नावं रेषा तयार झाल्यावर माणसं देतात, सूत्राला त्यातलं काही माहीत नसतं.

पण हा झाला नुसता क्रम. दोघांमधलं अंतर किती, हे कसं कळायचं? ते चुकांमधून कळतं. एक आणि तीन चमच्यांची जोडी मी प्रत्येकाला दहा-दहा वेळा दिली. तिची सीमा दोन चमच्यांवर, नेमकी बायकोच्या आवडीवर. तिनं पाच वेळा हा कप उचलला, पाच वेळा तो. काकू एकदा चुकल्या. मुलगा एकदाही नाही. सीमेच्या जितकं जवळ, तितकी माणसाची डगमग जास्त. ही डगमग मोजली की अंतर हाती लागतं. नॉमिनेट नेमकं हेच शेकडो सदस्य आणि शेकडो मतदानं घेऊन करतं. प्रत्येक सदस्याची पसंती घंटेच्या आकाराच्या वक्रानं मांडायची, त्यावरून प्रत्येक मताची संभाव्यता काढायची, त्या सगळ्या संभाव्यतांचा गुणाकार जास्तीत जास्त होईपर्यंत जागा सरकवत राहायचं. आधी सीमा धरून ठेवून माणसं हलवायची, मग माणसं धरून सीमा. असं आलटूनपालटून, हलायचं थांबेपर्यंत. शेवटी प्रत्येकाला साधारण उणे एक ते अधिक एक या पट्ट्यावर जागा मिळते. अमेरिकी संसदेच्या इतिहासातल्या दर शंभर मतांपैकी ऐंशीहून जास्त मतं या एका रेषेवरून बरोबर सांगता येतात आणि किती चुकली तेही सोबत छापलं जातं. आपल्याकडं अर्ज भरायचा मुहूर्त काढून देणारे आहेत, नावातलं अक्षर बदलायला सांगणारे आहेत. त्यांच्या चुकलेल्या भाकितांची वही कुणी पाहिलीय का? निवडून आलेल्याचा मुहूर्त तेवढा लक्षात राहतो, पडलेल्याचा कोणी काढत नाही.

आता एक खरा माणूस या रेषेवर ठेवून बघू. रॉन पॉल, टेक्सासचे प्रसूतितज्ज्ञ. १९७६ मध्ये पोटनिवडणुकीतून रिपब्लिकन म्हणून प्रतिनिधीगृहात आले, त्याच वर्षी थोडक्यात हरले, १९७८ ला पुन्हा जिंकले, १९८५ ला बाहेर पडले, १९९७ ते २०१३ परत सभागृहात. १९८८ मध्ये लिबर्टेरियन पक्षाकडून राष्ट्राध्यक्षपदासाठीही उभे होते. राज्यघटनेनं स्पष्ट अधिकार दिला नसेल तर सरकारनं खर्च करू नये, हे त्यांचं सूत्र. म्हणून त्यांना ‘डॉक्टर नो’ म्हणत. १९३७ ते २००२ या काळातले तीन हजारांहून जास्त सदस्य पूल यांनी रेषेवर लावले, तेव्हा सगळ्यात उजव्या टोकाला हे पॉल निघाले.

पण हेच पॉल २००१ मध्ये पॅट्रियट कायद्याच्या, म्हणजे दहशतवादाविरुद्ध सरकारला पाळतीचे जादा अधिकार देणाऱ्या कायद्याच्या, विरोधात गेले, तेव्हा त्यांच्या पक्षातून विरोध करणारे एकूण तीनच. २००२ मध्ये इराक युद्धाच्या ठरावाला नकार देणाऱ्या सहा रिपब्लिकनांत ते होते. दोन्ही वेळा ‘नाही’ म्हणणाऱ्यांत डाव्या टोकाचे डेमोक्रॅट त्यांच्या शेजारी होते. एका सीमेनं दोन्ही टोकं एकाच बाजूला टाकता येत नाहीत, त्यामुळं पॉल यांची ही मतं सूत्राच्या खाती ‘चूक’ म्हणून जमा होतात. माझ्या मते त्यांच्या कारकिर्दीतली सगळ्यात बोलकी मतं हीच.

त्याहून मोठी गोष्ट पुढं आहे. १९९९ मध्ये कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांसाठी लढलेल्या रोझा पार्क्स यांना सुवर्णपदक देण्याचा ठराव ४२४ विरुद्ध १ असा झाला. तो एक म्हणजे पॉल. जनतेच्या पैशातून पदक नको, प्रत्येक सदस्यानं खिशातून १०० डॉलर काढूया, असं त्यांचं म्हणणं. हे मत नॉमिनेटमध्ये धरलंच जात नाही! अल्पमत अडीच टक्क्यांहून कमी असेल, तर ते मतदान बाजूला ठेवतात, कारण जवळजवळ सगळेच एका बाजूला असले की सीमा कुठं आहे ते ठरवता येत नाही.

हा नियम वाचला तेव्हा मला आपला सीमाभाग आठवला. २०१३ मध्ये महाराष्ट्र एकीकरण समितीचे दोन आमदार निवडून आले होते, बेळगाव दक्षिण आणि खानापूरमधून. कर्नाटकाचं सभागृह २२४ चं. सीमाप्रश्नावर काँग्रेस, भाजप, जनता दल सगळे एकीकडं आणि हे दोघं दुसरीकडं. अशा ठरावावर नाव घेऊन मतं मोजली असती, तरी दोन म्हणजे एक टक्कासुद्धा नाही. ज्या प्रश्नासाठी लोकांनी त्यांना पाठवलं, तोच प्रश्न तक्त्यातून गळून पडला असता. रेषा वाचताना हे ध्यानात ठेवायला हवं: अल्पसंख्येचं म्हणणं ती खोटं ठरवत नाही, तिला ते ऐकूच येत नाही.

अर्थात आपल्याकडं तक्ता तरी कुठं आहे? बहुतेक विधेयकं आवाजी मतदानानं होतात. कोणाचा आवाज कुठला, याची नोंद राहत नाही. मतविभाजन झालं तरी व्हिप, म्हणजे मत कसं द्यायचं याचा पक्षादेश, असतो. १९८५ च्या बावन्नाव्या घटनादुरुस्तीनं पक्षांतरबंदी आली, आणि पक्षादेश मोडला तर आमदारकी जाऊ शकते. ‘आयाराम गयाराम’ थांबवायला तो कायदा आला, त्यामागचं दुखणं खरं होतं. पण मोजणाऱ्याच्या नजरेतून बघा. अंतर कळायला डगमग लागते, आणि व्हिप ती डगमगच काढून घेतो. पक्ष सांगितला की मत आधीच कळतं, मग मतातून नवं काही कळत नाही. एका पक्षाचे सगळे आमदार रेषेवर एकाच ठिपक्यावर येऊन बसतात. म्हणून बेळगाव जिल्ह्यातल्या अठरा आमदारांपैकी कुणाच्याही नावापुढं ‘८.७’ लिहिणारा माणूस तो आकडा मनानंच लिहितो. व्हिप फक्त विश्वासदर्शक ठरावासारख्या मोजक्या मतदानांपुरता ठेवावा, असं दिनेश गोस्वामी समितीनं १९९० मध्येच सुचवलं होतं. ते झालं असतं, तर माझ्या मुलीच्या वहीत आज आमदारांची नावं लिहिता आली असती.

एक मतदान मात्र मी तिला भरायला दिलं. २३ जुलै २०१९, कर्नाटकाचे तेव्हाचे मुख्यमंत्री कुमारस्वामींचा विश्वासदर्शक ठराव. त्या दिवशी आवाजावर भागलं नाही, आमदारांना रांगेरांगेनं उभं करून मोजलं. बाजूनं ९९, विरोधात १०५. तिनं आपल्या जिल्ह्याच्या ओळी काढल्या आणि गोकाक, अथणी, कागवाड या तीन ठिकाणी पेन्सिल थांबली. तिघंही आमदार सभागृहात नव्हते. ते पुढं अपात्र ठरले आणि डिसेंबरच्या पोटनिवडणुकीत भाजपकडून परत निवडून आले. सरकार पडलं ते अशाच गैरहजेरीनं. “बाबा, इथं होय लिहू की नाही?” तिनं विचारलं. रीतीप्रमाणं गैरहजर माणसाची चौकट कोरी सोडायची असते आणि सूत्र तिला वगळून पुढं जातं. तिनं तिन्ही चौकटी कोऱ्या सोडल्या.