मेझे

मेझे : भूमध्य समुद्राच्या पूर्वेकडील देशांत जेवणाआधी, किंवा कधी जेवणाऐवजीच, मधोमध मांडून सर्वांनी मिळून खायचे लहानलहान पदार्थ. अशा पदार्थांनी भरलेल्या ताटालाही हेच नाव आहे. लेबनॉन, सीरिया, पॅलेस्टाइन, तुर्कस्तान, ग्रीस, सायप्रस व बाल्कन प्रदेशात ही रीत रुळलेली आहे. इटलीतील अँटिपास्तो आणि स्पेनमधील तापास या तिच्या शेजारच्या, पण स्वतंत्र परंपरा होत. हॉटेलांत ‘मेडिटरेनियन प्लॅटर’ या नावाखाली मिळते ती या सर्वांची सरमिसळ असते. उन्हाळ्यात पाहुण्यांपुढे ठेवण्यास हे ताट विशेष सोयीचे पडते. बहुतेक पदार्थ गारच खायचे असतात, आदल्या दिवशी करून ठेवता येतात आणि ऐन दुपारी चुलीपुढे उभे राहावे लागत नाही.

व्युत्पत्ती : तुर्की ‘मेझे’, ग्रीक ‘मेझेस’ व अरबी ‘मझ्झा’ हे एकाच शब्दाचे अवतार आहेत, याबद्दल दुमत नाही. वाद आहे तो मुळाबद्दल. बहुसंख्य अभ्यासक फार्सी ‘मझे’ (चव, रुची) हे मूळ मानतात. त्यामागे ‘मझीदन’ म्हणजे चव घेणे, चोखणे हे क्रियापद आहे. दुसरे मत अरबीच्या बाजूचे आहे. अरबीत चोखणे, घुटके घेणे या अर्थाचा धातू आहे आणि ‘मुझ्झ’ म्हणजे आंबटगोड असाही शब्द आहे. आंबट चवीने भूक चाळवणाऱ्या पदार्थांना तो शोभतो. तथापि तुर्की आणि ग्रीक रूपांत ‘झ’ एकेरी आहे आणि ते फार्सीशी सरळ जुळते. अरबीतील द्वित्त हे बाहेरून आलेल्या शब्दाला घरच्या धातूच्या साच्यात बसवल्याने आले असावे, हे अधिक संभवनीय वाटते. तिसरे मत इटालियन ‘मेझ्झानो’ (मधला) या शब्दाकडे बोट दाखवते. चौदाव्या शतकाच्या सुमारास जिनोव्याच्या व्यापाऱ्यांनी तो पूर्वेला नेला, असे त्यात म्हटले जाते. या मताला ध्वनिसाम्यापलीकडे फारसा आधार नाही. शिवाय मेझे येते ते जेवणाच्या आरंभी, मध्ये नव्हे. सुलतानापुढे ताट जाण्याआधी चव पाहणाऱ्या सेवकांच्या वाट्यांवरून हे नाव पडले, ही गोष्ट तुर्कस्तानात आवडीने सांगतात. तिला आख्यायिकेहून अधिक वजन देता येत नाही.

फार्सी मूळ मान्य केले, तर मराठी वाचकाच्या दृष्टीने एक महत्त्वाची गोष्ट हाती लागते. आपला ‘मजा’ हा शब्द त्याच फार्सी शब्दापासून आला आहे. मराठीत त्याचा अर्थ आनंद, गंमत असा पसरला. पण ‘आज आमटीला काही मजा नाही’ असे जेव्हा घरात म्हटले जाते, तेव्हा चवीचा मूळ अर्थ जसाच्या तसा उभा असतो. सीमाभागातील कन्नडमध्येही ‘मजा’ तितकाच चालतो. म्हणजे बेळगावच्या घरात हे ताट आज नवे असले, तरी त्याचे नाव दोन्ही भाषांच्या तोंडी केव्हाच बसलेले आहे.

इतिहास : आरंभी गार पदार्थ वाढण्याची चाल शब्दापेक्षा जुनी दिसते. दहाव्या शतकात बगदादमध्ये इब्न सय्यार अल्-वर्राक याने संकलित केलेल्या पाककृतींत ‘बवारिद’ म्हणजे गार पदार्थांचा स्वतंत्र विभाग आहे. मद्याबरोबरच्या सुक्या मेव्याला व खाऊला मात्र त्या काळच्या अरबीत ‘नुक्ल’ म्हणत. त्यामुळे बगदादच्या बवारिदपासून आजच्या मेझेपर्यंत सरळ रेषा ओढण्याचा मोह आवरलेला बरा. आजचे रूप बहुधा ऑटोमन काळात घडत गेले. चाळीस-पन्नास वाट्यांचे थाटाचे लेबनानी मेझे त्याहून अलीकडचे असून, ते झाहले या गावी बर्दौनी नदीकाठच्या उपाहारगृहांत विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आकाराला आले, असे सामान्यतः मानतात. याच झाहलेला २०१३ मध्ये युनेस्कोच्या सर्जनशील शहरांच्या जाळ्यात पाककलेचे शहर म्हणून स्थान मिळाले. त्याआधी २०१० मध्ये ‘भूमध्यसागरी आहार’ युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत आला होता. तेव्हा त्यात स्पेन, ग्रीस, इटली व मोरोक्को होते. २०१३ मध्ये सायप्रस, क्रोएशिया व पोर्तुगाल यांची भर पडली.

घटक व त्यांचा प्रवास : ताटातील तीन मुख्य जिन्नस मुळात आपल्या उपखंडाच्या बाजूचे आहेत. तिळाची लागवड येथेच प्रथम झाली असे बहुतेक वनस्पतिशास्त्रज्ञ मानतात. हडप्पा येथील उत्खननात जळके तीळ सापडले आहेत. काकडीचे रानटी भाईबंद हिमालयाच्या पायथ्याशी आढळतात. वांग्याचा प्रवास तर नावातच वाचता येतो. संस्कृत ‘वातिङ्गण’ हा शब्द फार्सीत ‘बादिंगान’ व अरबीत ‘बाझिंजान’ झाला. तेथून स्पॅनिश ‘बेरेन्हेना’ आणि पोर्तुगीज ‘बेरिंजेला’ ही रूपे निघाली. पुढे पोर्तुगीजांबरोबर तो भारतात परतला आणि ‘ब्रिंजल’ होऊन इथल्या इंग्रजीत शिरला. चोर्ला घाटातून गोव्याला जाणाऱ्या बेळगावच्या भाजीच्या ट्रकांत आजही तेच वांगे असते. हरभऱ्याचे मूळ मात्र तिकडचे, तुर्कस्तानच्या आग्नेय भागातले.

हुम्मुस हा ताटाचा कणा. अरबीत या शब्दाचा साधा अर्थ हरभरा; तिळाच्या लगद्यासह केलेल्या पदार्थाचे पूर्ण नाव ‘हुम्मुस बि तहीना’ असे आहे. तेराव्या शतकातील इजिप्तच्या पाककृतींत कुटलेल्या हरभऱ्याचे गार पदार्थ आहेत. पण व्हिनेगर, मसाले व वनस्पती घातलेल्या त्या पदार्थांना आजचे हुम्मुस म्हणणे धाडसाचे ठरेल. त्याच्या मालकीवरून लेबनॉन व इस्राएल यांच्यात चाललेली चढाओढ सर्वश्रुत आहे. मे २०१० मध्ये लेबनॉनमध्ये १०,४५२ किलो हुम्मुस करण्यात आले. हा आकडा देशाच्या चौरस किलोमीटरमधील क्षेत्रफळाइतका मुद्दाम ठेवला होता.

कृतीतील खाचाखोचा : हुम्मुस मऊ होण्याचे रहस्य हरभऱ्याच्या शिजण्यात आहे. काबुली हरभरे दहा-बारा तास भिजवून, पाव किलोला अर्धा चहाचा चमचा खाण्याचा सोडा घालून शिजवावेत. सोड्याने पाणी अल्कधर्मी होते आणि दाण्याच्या पेशींना धरून ठेवणारे पेक्टिन लवकर सुटते. दाणा दोन बोटांत विनासायास चिरडला गेला पाहिजे. भाजीसाठी शिजवतो तेवढ्यावर थांबले, की हुम्मुस रवाळ राहते.

तहीना (मूळ अरबी धातू ‘दळणे’) म्हणजे पांढऱ्या, सोललेल्या तिळाचा लगदा. संक्रांतीचे तीळकूट कोरडे असते. इथे तीळ हलके, रंग न बदलता भाजून तेल सुटेपर्यंत वाटायचे. मिक्सर तापू लागला की थांबावे. या लगद्यात लिंबाचा रस घालताच तो घट्ट होऊन गोळा बनतो. पहिल्यांदा करणारे इथेच घाबरतात आणि तेल ओततात. तेल नको, बर्फाचे पाणी हवे. थोड्या पाण्याने तिळाचे कण एकमेकांना चिकटतात. पाणी वाढत गेले की ते सुटे होतात आणि लगदा पांढराशुभ्र, सायीसारखा होतो. मग त्यात हरभरा, लसूण व मीठ घालून घोटावे. कांदा-लसूण वर्ज्य असलेल्या जैन घरांत लसणाऐवजी भाजलेल्या जिऱ्याची पूड घालावी. तिकडेही जिरे चालतेच, त्यामुळे ही तडजोड ठरत नाही.

भाजलेल्या वांग्याच्या पदार्थाच्या नावात घोळ आहे. आपण ज्याला बाबा गनूज म्हणतो, त्या तहीना घातलेल्या भरताला लेबनॉन-सीरियात बहुधा ‘मुतब्बल’ म्हणतात. तिथल्या बाबा गनूजमध्ये टोमॅटो, कांदा व डाळिंबाचा आंबट रस असतो. दोन्हींत वांगे निखाऱ्यावर पूर्ण काळे होईतो भाजणे आणि सोलल्यावर चाळणीत ठेवून पाणी निथळू देणे महत्त्वाचे. लबने म्हणजे फडक्यात टांगलेल्या दह्याचा चक्का; श्रीखंडात साखर जाते, इथे मीठ, वरून पुदिना व तेल. ग्रीक झाझिकी काकडीच्या दह्यातल्या कोशिंबिरीची सख्खी बहीण शोभेल, मात्र तिचे दही टांगलेले असते आणि काकडी किसून, मीठ लावून घट्ट पिळलेली. फलाफल या तळलेल्या वड्यांसाठी हरभरा शिजवायचा नाही, फक्त भिजवून वाटायचा. शिजवलेला हरभरा तेलात विरघळतो. डाळवडा करणाऱ्याला हे सांगावे लागत नाही.

ऑलिव्हचे फळ झाडावरून तोडून खाता येत नाही. त्यातील ओल्यूरोपीन हे कडू द्रव्य काढण्यासाठी ते दीर्घकाळ मिठाच्या पाण्यात मुरवतात. त्यामुळे बरणीतले ऑलिव्ह वाढण्याआधी पाण्यातून काढावेत, नाहीतर सारे ताट खारट लागते. फेटा चीजचे नाव युरोपीय संघात २००२ पासून ग्रीससाठी राखीव आहे. २००५ मध्ये युरोपीय न्यायालयाने ते कायम केले. त्यात किमान ७० टक्के मेंढीचे दूध व उरलेले शेळीचे असावे लागते. सायप्रसच्या हलूमी चीजला असेच संरक्षण २०२१ मध्ये मिळाले. पनीर आम्लाने फाडलेल्या दुधाचे, फेटा विरजण व रेनेट (दूध गोठवणारे विकर) वापरून केलेला आणि मिठाच्या पाण्यात मुरवलेला. तेव्हा एकाला दुसऱ्याचे नाव देऊ नये. मिठाच्या पाण्यात रात्रभर ठेवलेले, वरून लिंबू पिळलेले घरचे पनीर स्वतःच्या नावाने ताटात उत्तम शोभते.

सीमाभागातील रूप : १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत तत्कालीन म्हैसूर राज्यात गेलेल्या बेळगावच्या या पट्ट्यात पश्चिमेला खानापूरचे रान आहे आणि पूर्वेला अथणीची कोरडी, तापणारी जमीन. मेझेची सामग्री या दोन टोकांत विभागून मिळते. सुमाक नावाची तिकडची आंबट लाल पूड येथे दुर्मीळ. तिच्या जागी घाटाकडचे आमसूल कडकडीत वाळवून केलेली पूड घालावी; रंग आणि आंबटपणा दोन्ही साधतात, बाजारच्या आमचुराने रंग साधत नाही. अथणी भागातील बेदाणे, चंदगडचे काजू, विजयपूर-बागलकोटकडची डाळिंबे यांना पर्याय शोधावा लागत नाही. पार्स्लीच्या ठिकाणी कोथिंबीर सर्रास घातली जाते. तब्बूले या पार्स्ली व दलियाच्या कोशिंबिरीमध्ये ती सगळ्यावर कुरघोडी करते, म्हणून निम्मा पुदिना घ्यावा. पिटा रोटीपेक्षा पातळ, कडक ज्वारीची भाकरी अधिक पसंत पडावी, असे प्रस्तुत नोंदलेखकाचे मत आहे. तिचा तुकडा हुम्मुसमध्ये वाकत नाही आणि उकाड्यात तासाभराने चिवटही होत नाही.

अनेक पदार्थ मधे ठेवून मिळून खाणे या भागाला परके नाही. मार्गशीर्ष अमावास्येला शेतकरी कुटुंबे शेतात जातात, चरगा (नैवेद्याचे अन्न) शिंपडतात आणि कडक भाकरी, भरली वांगी, शेंगांची चटणी, कारळ्याची चटणी, पचडी असे नानाविध पदार्थ बांधावर एकत्र बसून खातात. या दिवसाला कन्नडमध्ये ‘एळ्ळ अमावास्ये’ आणि पलीकडे लातूर-धाराशिवकडे ‘वेळा अमावास्या’ म्हणतात. मराठी नाव ‘वेळ’ या शब्दावरून आले असे काही जण सांगतात. परंतु ‘एळ्ळु’ म्हणजे तीळ, आणि मराठी रूप कन्नडवरून आले हेच अधिक पटणारे आहे.

मांडणी : मोठी पितळी परात किंवा लाकडी पाट घ्यावा. आधी ओल्या पदार्थांच्या वाट्या दूर दूर ठेवाव्यात. खानापूरच्या मातीच्या लहान वाट्या मिळाल्या तर रात्रभर पाण्यात भिजवून घ्याव्यात, म्हणजे पदार्थ गार राहतो. मग पनीर, फलाफल असे जड जिन्नस, त्यांच्याभोवती काकडी, गाजर, मुळ्याच्या फोडी, आणि उरलेल्या फटींत ऑलिव्ह, बेदाणे, पुदिन्याचे झुबके. भाकरी वेगळ्या टोपलीत द्यावी. काकडी अगदी शेवटी चिरावी व तिला ताटात मीठ लावू नये.

लेव्हंटमध्ये, म्हणजे लेबनॉन-सीरिया-पॅलेस्टाइनच्या पट्ट्यात, प्रत्येक जण रोटीचा तुकडा मोडून त्याच वाटीतून घेतो. मुस्लिम घरांत एका थाळ्यात बसून जेवण्याची चाल असल्याने हे सहज स्वीकारले जाते. इतर अनेक मराठी व कन्नड घरांत उष्ट्याचा विचार आड येतो आणि वडीलधारे पाहुणे संकोचाने हात आखडतात. प्रत्येक वाटीत वाढायचा वेगळा चमचा आणि प्रत्येकाच्या हाती लहान ताटली दिली, की हा संकोच उरत नाही. यात मेझेचे काही बिघडत नाही, कारण पाहुण्याने पोटभर खाणे ही तिकडचीही पहिली अट आहे.

वाटलेला हरभरा, चक्का व पनीर उकाड्यात झपाट्याने नासतात. ५ ते ६० अंश सेल्सिअस या पट्ट्यात जंतू वेगाने वाढतात, म्हणून शिजवलेले पदार्थ दोन तासांहून अधिक बाहेर ठेवू नयेत. पारा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास. एप्रिल-मेच्या दुपारी बेळगावातही हीच मर्यादा पाळावी लागते, अथणीकडे तर नक्कीच. परातीखाली बर्फ पसरलेले दुसरे ताट ठेवावे आणि हुम्मुस एकदम न काढता दोन खेपांत काढावे. तेलात बुडवलेला कच्चा लसूण दिवसेंदिवस बाहेर ठेवू नये, त्यात बोट्युलिझम या गंभीर विषबाधेचा धोका असतो. संध्याकाळी वळीव आला आणि मंडळी ओसरीवर सरकली, तर वाट्या फ्रीजमध्ये ठेवाव्यात. उरलेले हुम्मुस झाकून फ्रीजमध्ये तीन दिवस टिकते. दुसऱ्या दिवशी ते घट्ट होते, तेव्हा चमचाभर गार पाणी घालून पुन्हा घोटावे.