विमान ताब्यात, आकडे गायब: टेलिमेट्रीच्या पल्ल्यामागचा इतिहास

हातातला ट्रान्समीटर ‘टेलिमेट्री लॉस्ट’ म्हणून ओरडतो, म्हणजे विमानातल्या रिसीव्हरकडून रेडिओने परत येणारे बॅटरी-सिग्नलचे आकडे थांबतात, आणि विमान मात्र स्टिक हलवाल तसं वळत राहतं. नाशिकच्या आसपास मॉडेल उडवणाऱ्या जवळपास प्रत्येकाची ही तक्रार असते. विमानाकडे जाणारी वाट आणि तिकडून येणारी वाट वेगवेगळ्या काळात तयार झाल्या आणि दोघींना सारखी ताकद कधीच मिळाली नाही, हे त्यामागचं कारण.

तंत्र म्हणून टेलिमेट्री जुनी आहे. मोल्चानोव्ह या रशियन हवामानशास्त्रज्ञाने ३० जानेवारी १९३० रोजी फुग्याला बांधलेल्या यंत्राकडून वरच्या हवेतले आकडे रेडिओने खाली मिळवले. अमेरिकेतल्या वॉल्टर आणि विल्यम गुड या जुळ्या भावांचं ‘गफ’ हे रेडिओवर चालणारं मॉडेल विमान त्यानंतरचं, १९३७ च्या सुमाराचं. तरीही पुढची जवळजवळ सत्तर वर्षं मॉडेलवाल्यांचा रेडिओ एकतर्फीच राहिला. २७, ३५ किंवा ७२ मेगाहर्ट्झ, फ्रिक्वेन्सी ठरवणाऱ्या क्रिस्टलच्या जोड्या, विमानाच्या शेपटीकडून लोंबणारी मीटरभर वायर. बॅटरी किती उरली हे स्टॉपवॉच पाहून ठरायचं.

२००५ साली स्पेक्ट्रम कंपनीचा डीएक्स६ ट्रान्समीटर आला आणि २.४ गिगाहर्ट्झचं युग सुरू झालं. त्याच वर्षी भारतातही २.४ ते २.४८३५ गिगाहर्ट्झचा पट्टा परवान्याशिवाय खुला झाला. क्रिस्टल गेले, अँटेनाचं उघडं टोक ३१ मिलिमीटरवर आलं. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे या पट्ट्यातली चिप मुळात बोलणारी आणि ऐकणारी, दोन्ही असते. त्यामुळे रिसीव्हरकडून आकडे परत मागवणं जवळजवळ फुकटात जमलं.

ते ‘फुकटात’च नडलं. ट्रान्समीटरमध्ये चिपच्या पुढे अॅम्प्लिफायर बसतो आणि सिग्नल १०० मिलिवॅटपर्यंत जातो. चार-पाच ग्रॅमच्या स्वस्त रिसीव्हरमध्ये बहुतेकदा चिप थेट अँटेनाला जोडलेली. सीसी२५०० ही फार वापरली गेलेली चिप एकटी जेमतेम १ मिलिवॅट देते. १०० आणि १ मिलिवॅटमधला फरक २० डेसिबलचा (डेसिबल म्हणजे सिग्नलच्या कमी-जास्तीचं माप). अंतर दुप्पट झालं की सिग्नल ६ डेसिबलने पडतो, म्हणजे बाकी सगळं सारखं धरलं तर परतीचा पल्ला जाणाऱ्या पल्ल्याच्या दहाव्या हिश्शावर येतो. एक्सप्रेसएलआरएस या रेडिओ पद्धतीच्या २.४ गिगाहर्ट्झवाल्या छोट्या रिसीव्हरमधली एसएक्स१२८० चिप बरी, १२.५ डीबीएम म्हणजे साधारण १८ मिलिवॅटची. तीसुद्धा ट्रान्समीटरच्या १०० मिलिवॅटच्या मॉड्यूलपेक्षा साडेसात डेसिबल कमीच. म्हणून मॉड्यूलची पॉवर १ वॅटवर नेली तरी टेलिमेट्री इंचभरही पुढे सरकत नाही. पॉवर वाढते ती जाणाऱ्या वाटेवर, तुटलेली असते ती येणारी. परतीचा पल्ला हवाच असेल तर अॅम्प्लिफायर असलेला रिसीव्हर घ्यावा. सेटिंगमध्ये शोधून तो पल्ला सापडणार नाही.

दुसरा घोळ आकड्याचा. फ्रस्काय कंपनीच्या पद्धतीत आरएसएसआय, म्हणजे सिग्नलच्या ताकदीचा आकडा, मोजतो रिसीव्हर, पण आपल्यापर्यंत पोहोचतो तो परतीच्या वाटेने. ही वाट तुटली की जाणाऱ्या सिग्नलचा आकडाही दिसेनासा होतो. ओपनटीएक्स या ट्रान्समीटरच्या सॉफ्टवेअरमध्ये इशारे मुळात ४५ आणि ४२ वर लावलेले असतात. ट्रान्समीटर बोलून सांगतो तो आकडा ७० वरून थेट ‘लॉस्ट’वर गेला तर दोष परतीच्या वाटेत. आकडा उतरत उतरत ४५ ला आला तर विमान खरोखर लांब गेलंय किंवा अँटेना झाकला गेलाय. तेव्हा मात्र वळवा. ट्रान्समीटर आणि विमान हातभर अंतरावर ठेवून चाचणी करू नये, इतक्या जवळ सिग्नल अति होऊन खोटा ‘लॉस्ट’ येतो.

नाशिकमध्ये उडवायला जागा शोधणं हेच आधी काम आहे. ओझरला एचएएलचा विमान कारखाना आणि विमानतळ, गांधीनगरला लष्करी हवाई प्रशिक्षण, देवळालीला तोफखाना. २५ ऑगस्ट २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरमध्ये २०० फुटांच्या वर पिवळा पट्टा, म्हणजे परवानगी लागणारी हवाई हद्द, लागतो, तेव्हा सरकारच्या डिजिटल स्काय संकेतस्थळावरचा नकाशा पाहूनच मैदान ठरवावं. मॉडेल विमान नजरेच्या टप्प्यातच उडवायचं, हेही त्याच नियमांत आहे. नजरेचा टप्पा म्हणजे पाचशे-सहाशे मीटर. टेलिमेट्री दीडशे मीटरवर तुटत असेल तर तो बिघाडच समजावा.

दिंडोरी-निफाडकडे मैदानाला लागून द्राक्षबागा असतात. वाय पद्धतीचे लोखंडी अँगल, गॅल्व्हनाइज्ड तारा आणि ओली पानं, तिन्ही २.४ गिगाहर्ट्झला मारक. ३०० मीटरवर सिग्नलला वाटेच्या मधोमध चहूबाजूंनी सुमारे ३ मीटर मोकळी जागा लागते. उतरताना विमान बागेच्या ओळीमागे गेलं की आकडे जातात, ते यामुळे. बागेच्या कडेला न उभं राहता धावपट्टीच्या मोकळ्या बाजूला उभं राहा, आणि ट्रान्समीटरच्या अँटेनाचं टोक विमानाकडे रोखू नका. टोकाच्या दिशेने सिग्नल सर्वांत कमी जातो.

जमिनीवरची तपासणी अशी. विमान प्लॅस्टिकच्या खुर्चीवर किंवा लाकडी स्टुलावर ठेवा, गाडीच्या बॉनेटवर नको. ट्रान्समीटर रेंज मोडवर टाका. फ्रस्कायमध्ये पल्ला तिसाव्या हिश्शावर येतो. तीस पावलं मागे जाऊन दुसऱ्याला विमान सावकाश गोल फिरवायला सांगा. एकाच बाजूला आकडा १५-२० ने कोसळला तर मध्ये कार्बन फायबरचा भाग, बॅटरी किंवा मोटरची वायर आहे. बऱ्याच रिसीव्हरमध्ये ऐकायला दोन अँटेना असले तरी एका वेळी बोलतो एकच, म्हणून दोन्ही एकमेकांशी काटकोनात आणि कार्बनच्या बाहेर काढा. मग विमान घट्ट बांधून मोटर चालवा. तेव्हाच आकडा पडला तर ईएससीचा, म्हणजे मोटरचा वेग सांभाळणाऱ्या यंत्राचा, रेडिओ-गोंगाट. दर फेरीला वेगळंच उत्तर आलं तर अँटेनाचा बटणासारखा कनेक्टर दाबून पाहा, तोच निघालेला असतो.

वेगळं टेलिमेट्री मॉड्यूल लावणाऱ्यांचा त्रास निराळा. त्यांच्यातल्या सिक या सॉफ्टवेअरमध्ये नेट-आयडी, म्हणजे जोडीचा ओळखक्रमांक, मुळात २५ असतो. एकाच मैदानावर दोघांनी तो तसाच ठेवला तर दोन्ही जोड्या एकमेकांत शिरतात. अमेरिकेसाठीची ९१५ मेगाहर्ट्झची मॉड्यूल तिकडच्या ९०२ ते ९२८ च्या पट्ट्यासाठी बनलेली असतात आणि त्यातला ९१५ पर्यंतचा भाग आपल्याकडे मोबाइल फोनच्या वापरात आहे. म्हणजे गोंगाटही सोसायचा आणि नियमही मोडायचा. भारतात या कामाला ८६५ ते ८६८ चा पट्टा आहे, आणि अँटेनाही त्याच पट्ट्याचा लागतो. मॉड्यूलचा एअर स्पीड, म्हणजे हवेतून आकडे पाठवायचा वेग, ६४ वरून ३२ वर आणला की साधारण ३ डेसिबल हाती लागतात.

आकडे जाऊन दोन-तीन सेकंदांत परत आले आणि तेवढ्यात विमान वळवणाऱ्या छोट्या मोटरी, म्हणजे सर्व्होही, गप्प झाल्या, तर पल्ल्याचा विषयच नाही. बीईसीचा, म्हणजे रिसीव्हर आणि सर्व्होंना वीज देणाऱ्या भागाचा, व्होल्टेज ३.५ च्या आसपास घसरून रिसीव्हर पुन्हा सुरू झालेला असतो. अशा वेळी अँटेनाला हात न लावता बीईसीची क्षमता आणि सर्व्होंचा एकत्रित करंट आधी तपासावा.