गुचिनवरचे 13 ठिपके

1977 मध्ये निघालेल्या व्हॉयेजर अंतराळयानांवरच्या, पृथ्वीवरचे आवाज नोंदवलेल्या सुवर्ण तबकडीत केसरबाई केरकरांची भैरवी आहे, हे आपण अभिमानाने सांगतो. त्याच तबकडीवर केसरबाईंच्या लगेच आधी ग्वान फिंगहू यांचं साडेसात मिनिटांचं वादन आहे. वाद्य चीनचं, गुचिन.

गुचिन झिदर कुळातलं. या वाद्यांना सतारीसारखी दांडी नसते. तारा थेट खोक्याच्या लांबीभर ताणलेल्या असतात. आपलं स्वरमंडळही याच कुळातलं, पण त्यात प्रत्येक सुराला वेगळी तार लागते. गुचिनला सातच तारा पुरतात. पडदे नाहीत, तारा पेलणाऱ्या सरकत्या घोड्या नाहीत. सर्वांत जाड तारेच्या बाजूला शिंपल्याचे 13 ठिपके, एवढ्याच खुणा.

छेडलेली तार अख्खी कंप पावते आणि त्याच वेळी अर्ध्या, तिसऱ्या, चौथ्या हिश्शांतही कंप पावत असते. हे सगळे सूर मिसळून आपल्याला एकच नाद ऐकू येतो. आता उजव्या हाताने तार छेडताना डाव्या हाताचं बोट बरोबर एक तृतीयांश अंतरावर, न दाबता, नुसतं टेकवायचं आणि लगेच उचलायचं. त्या जागी हलू पाहणारी कंपनं बोटामुळे विरतात. ज्यांचा निस्पंद बिंदूच, म्हणजे कंपनातही स्थिर राहणारी जागाच, तिथे आहे, तेवढी उरतात. तार ‘सा’ची असेल तर वरच्या सप्तकातला पंचम घंटेसारखा स्वच्छ वाजतो.

एक पंचमांशावर बोट टेकवलं, तर दोन सप्तकं वरचा गंधार मिळतो. तानपुरा नीट जुळला की खर्जातून उमटणारा स्वयंभू गंधार तो हाच! तानपुऱ्यात तो कान देऊन शोधावा लागतो. गुचिनवादक तो बोटाच्या टोकाने सुटा करून दाखवतो, आणि तोही चार ठिकाणी, कारण तारेचे पाच भाग केले की मध्ये चार निस्पंद पडतात. चारही जागी ठिपके आहेत.

फ्रान्सच्या जोसेफ सोव्हर यांनी 1701 च्या सुमारास निस्पंदांचं शास्त्र मांडलं. बीजिंगच्या राजवाडा संग्रहालयातली तांग राजघराण्याच्या काळातली (सातवं ते दहावं शतक) गुचिनं त्याहून निदान आठशे वर्षं जुनी, आणि त्यांच्यावरही हे ठिपके आहेत. ते तारेच्या दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या, सहाव्या, आठव्या हिश्शांच्या जागी येतात. सातव्याला मात्र ठिपका नाही. तिथेही सूर निघतो, पण तो आपल्या कोमल निषादापेक्षाही उतरलेला, बाकीच्या सुरांशी फटकून वागणारा. मला तरी ही गाळलेली जागा कानाने केलेली निवड वाटते.