श्वासनलिकेत नळी घालताना प्राणवायूचा पुरवठा

शस्त्रक्रियेसाठी पूर्ण भूल देताना किंवा अत्यवस्थ रुग्णाला व्हेंटिलेटरवर घेताना त्याच्या तोंडातून, क्वचित नाकातून, श्वासनलिकेत नळी सरकवावी लागते. त्यासाठी दिलेल्या औषधांनी रुग्ण झोपी जातो, स्नायू सैल पडतात आणि श्वास थांबतो. श्वास थांबल्यापासून नळी जागेवर बसून तिच्यातून पहिला श्वास दिला जाईपर्यंत रक्तातला प्राणवायू टिकवून धरण्याच्या सगळ्या उपायांचा या नोंदीत विचार केला आहे. ठाणे-नवी मुंबईच्या कॅज्युअल्टीत आणि आयसीयूत या कृतीला ‘ट्यूब टाकणे’ म्हणतात. बाहेर बाकावर बसलेले नातेवाईक तिलाच ‘मशीनवर घेणे’ म्हणतात. दोन्ही शब्दांत नळी आणि मशीनच दिसते. रुग्णाचा जीव मात्र त्याआधीच्या तीन-चार मिनिटांच्या तयारीवर अवलंबून असतो, आणि ती तयारी बाहेरच्या कोणाला दिसत नाही.

पाणी बंद राहणार अशी सूचना आली की इथल्या सोसायट्या आदल्या रात्री गच्चीवरची टाकी काठोकाठ भरून ठेवतात. फुप्फुसांचेही तसेच करावे लागते. साधा श्वास सोडल्यावरही प्रौढ माणसाच्या फुप्फुसांत सुमारे २ ते २.५ लिटर वायू शिल्लक राहतो. रुग्ण नेहमीची हवा घेत असेल तर त्यात बहुतांश नायट्रोजन असतो आणि प्राणवायू जेमतेम ३०० ते ४०० मिलिलिटर. विश्रांतीत असलेले शरीर मिनिटाला सुमारे २५० मिलिलिटर प्राणवायू वापरते, म्हणजे हा साठा मिनिटा-दीड मिनिटात संपतो. तोच रुग्ण काही मिनिटे शुद्ध प्राणवायूवर श्वास घेत राहिला, तर नायट्रोजन धुऊन निघतो आणि त्या जागेत जवळजवळ २ लिटर प्राणवायू मावतो. निरोगी प्रौढाचे सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातल्या प्राणवायूची टक्केवारी, मग ९० टक्क्यांपर्यंत उतरायला ८ मिनिटांच्या आसपास वेळ लागतो. एवढ्या मोठ्या फरकासाठी औषध लागत नाही. घट्ट बसलेला मास्क आणि थोडा धीर पुरतो.

नेहमीची पद्धत म्हणजे ३ मिनिटे शांतपणे, नेहमीसारखा श्वास. तेवढा वेळ नसेल तर एका मिनिटात ८ खोल श्वास. सोडलेल्या श्वासात प्राणवायूचे प्रमाण ९० टक्क्यांवर गेले की टाकी भरली असे समजतात. ऑपरेशन थिएटरमधल्या भुलीच्या मशीनवर हा आकडा समोर दिसतो. कॅज्युअल्टीत तो बहुधा दिसत नाही, म्हणून तिथे घड्याळ आणि मास्कची पकड यांच्यावरच भिस्त. गालाशी राहिलेली फट, दाट दाढी, काढून ठेवलेली कवळी यांपैकी कशामुळेही बाहेरची हवा आत येते आणि नायट्रोजन परत शिरतो. थैलीचा मास्क मिनिटाला १५ लिटरवर लावला तरी साधारण ६० ते ७० टक्केच प्राणवायू पोहोचतो. फ्लोमीटर, म्हणजे प्राणवायूचा प्रवाह मोजणारा नळ, १५ च्या रेषेपलीकडे पूर्ण उघडला की हे प्रमाण वाढते.

दमलेला माणूस मास्क ढकलून देतो. हवा पुरत नसताना तोंडावर काही दाबले की गुदमरल्यासारखे वाटणारच. अशा वेळी डोक्याशी उभ्या असलेल्या डॉक्टरने किंवा सिस्टरने हात धरून सांगायचे असते, ‘काका, मास्क घट्ट लावतोय, थोडं कोंडल्यासारखं होईल, पण ऑक्सिजन यातूनच येतोय. सावकाश श्वास घ्या, मी इथेच आहे.’ हे दोन वाक्यांचे बोलणे उपचाराचाच भाग आहे आणि घाईत नेमके तेच राहून जाते. रुग्ण भ्रमात असेल, काही ऐकतच नसेल, तर केटामीन हळूहळू देऊन त्याला शांत करतात. श्वास चालू राहतो, मास्क सहन होतो. टाकी भरल्यावरच स्नायू सैल करणारे औषध दिले जाते.

रुग्णाला सपाट झोपवून तयारी करणे बहुतेक वेळा चुकीचे ठरते. पोटातले अवयव छाती आणि पोट यांमधल्या पडद्याला वर ढकलतात आणि फुप्फुसांची जागा घटते. अतिलठ्ठ रुग्णांवर २००५ साली झालेल्या एका अभ्यासात डोक्याची बाजू २५ अंश वर ठेवल्यावर सॅच्युरेशन ९२ टक्क्यांवर यायला सरासरी २०१ सेकंद लागले, सपाट झोपवलेल्यांत १५५. पलंगाची मूठ फिरवून ४६ सेकंद मिळतात.

कोणाची टाकी किती वेळ पुरेल, हे आधी ओळखता आले पाहिजे. लहान मुलाचे शरीर वजनाच्या मानाने प्रौढाच्या सुमारे दुप्पट प्राणवायू वापरते, त्यामुळे त्याचे सॅच्युरेशन बघता बघता कोसळते. दिवस भरत आलेल्या बाईचे गर्भाशय फुप्फुसांची जागा कमी करते आणि प्राणवायूची गरजही वाढलेली असते. लठ्ठ रुग्णाला नीट तयारी करूनही कधी तीनच मिनिटे मिळतात. न्यूमोनियाने भरलेल्या फुप्फुसांत तर टाकीच गळकी असते. रक्त अशा भागांतून फिरून येते जिथे हवा पोहोचतच नाही, मग वरून कितीही प्राणवायू ओतला तरी तो रक्तात मिसळत नाही. ताप, जंतुसंसर्ग, आकडी यांनी खर्च आणखी वाढतो.

श्वास थांबल्यानंतरही प्राणवायू आत जात राहू शकतो, हे प्रथम ऐकताना पटत नाही. छातीचा भाता हललाच नाही तर वायू आत ओढणार कोण? उत्तर रक्तात आहे. रक्त मिनिटाला २५० मिलिलिटर प्राणवायू उचलत राहते. बदल्यात फुप्फुसांत येणारा कार्बन डायऑक्साइड त्या मानाने फारच थोडा, मिनिटाला १०-२० मिलिलिटर, कारण तो बहुतांशी रक्तात आणि ऊतींत विरघळून राहतो. म्हणून वायुकोशांतला दाब किंचित उतरतो आणि घशात जो वायू असेल तो आपोआप खाली ओढला जातो. घशात शुद्ध प्राणवायू भरून ठेवला तर तोच खाली उतरतो. ड्रेपर आणि व्हाइटहेड यांनी १९४४ मध्ये हे कुत्र्यांवर दाखवले. १९५९ मध्ये फ्रुमिन, एपस्टाइन आणि कोहेन यांनी भूल दिलेल्या ८ रुग्णांचा श्वास १८ ते ५५ मिनिटे थांबवून ठेवला, तरी सॅच्युरेशन टिकले. मात्र कार्बन डायऑक्साइड बाहेर पडायला वाट नव्हती. एका रुग्णात त्याचा रक्तातला दाब पाऱ्याच्या २५० मिलिमीटरपर्यंत चढला, एरवी तो ४० च्या आसपास असतो. पहिल्या मिनिटात हा दाब ८ ते १६ मिलिमीटरने वाढतो आणि पुढे दर मिनिटाला सुमारे ३ ने. काही मिनिटांच्या कामात हे बहुतेकांना सोसते. मेंदूत दाब वाढलेल्या किंवा रक्त आधीच आम्ल झालेल्या रुग्णाला सोसत नाही.

प्रत्यक्षात यासाठी लागते ती नाकातली साधी दोन टोकांची नळी, म्हणजे नेझल प्रॉन्ग. रुग्ण जागा असताना ५ लिटरवर ठेवायची, झोपल्यावर १५ वर न्यायची आणि तोंडात लॅरिंगोस्कोप (श्वासनलिकेचे तोंड दिसावे म्हणून घालायचे दिव्याचे उपकरण) असतानाही नाकावरच राहू द्यायची. वाइनगार्ट आणि लेव्हिटन यांच्या २०१२ च्या लेखानंतर ही पद्धत कॅज्युअल्टींत पसरली. जीभ मागे पडून घसा बंद झाला तर मात्र नाकातला प्राणवायू खाली पोहोचणार नाही, म्हणून खालचा जबडा पुढे उचलून धरावा लागतो. गरम आणि दमट केलेला प्राणवायू मिनिटाला ७० लिटर वेगाने नाकातून सोडणारी यंत्रे आता आहेत. पटेल आणि नौराई यांनी २०१५ मध्ये कठीण श्वासमार्गाच्या २५ रुग्णांत ती वापरली, तेव्हा श्वास थांबलेल्या काळाचा मध्यक (मीडियन) १४ मिनिटे होता, एका रुग्णात हा काळ ६५ मिनिटांपर्यंत लांबला.

आयसीयूतल्या आजारी फुप्फुसांत मात्र चित्र वेगळे आहे. २०१६ च्या एका चाचणीत १५० रुग्णांपैकी निम्म्यांना नाकातून प्राणवायू दिला, पण सर्वांत खाली उतरलेल्या सॅच्युरेशनमध्ये फरक पडला नाही. अशा फुप्फुसांना दाबाची गरज असते. २०१९ मध्ये ४०१ रुग्णांच्या चाचणीत औषध दिल्यापासून लॅरिंगोस्कोप घालेपर्यंत अँबू बॅगने (हाताने दाबायच्या फुग्याने) हलके श्वास देत राहिल्यावर सॅच्युरेशन ८० च्या खाली जाण्याचे प्रमाण २२.८ वरून १०.९ टक्क्यांवर आले. पोटातले वर येऊन फुप्फुसात जाईल म्हणून हे श्वास टाळायचे असे पिढ्यान् पिढ्या शिकवले गेले होते. त्या चाचणीत तसे प्रमाण वाढल्याचे दिसले नाही. २०२४ मध्ये १३०१ रुग्णांच्या चाचणीत आधीची तयारी साध्या मास्कऐवजी दाब देणाऱ्या घट्ट मास्कने केली, तेव्हा सॅच्युरेशन ८५ च्या खाली जाणारे रुग्ण १८.५ वरून ९.१ टक्के झाले. यावरून नाकातली नळी निरुपयोगी ठरत नाही. ती स्वस्त आहे, निरुपद्रवी आहे आणि दुसरा प्रयत्न लांबला तर तिची गरज पडते. मात्र भरलेल्या फुप्फुसांच्या रुग्णाला तिच्या एकटीच्या भरवशावर झोपवू नये.

बोटाला लावलेल्या ऑक्सिमीटरचा सॅच्युरेशनचा आकडा उशिरा बोलतो, हे कायम ध्यानात ठेवावे लागते. फुप्फुसांतला बदल बोटापर्यंत पोहोचायला अर्धा मिनिट सहज जातो. रक्तदाब पडलेला असेल, हात गार असतील तर त्याहून जास्त. शिवाय १०० ते ९० हा उतार सौम्य असतो आणि ९० नंतर कडा सुटतो. त्यामुळे ९२ दिसल्यावर ‘आणखी एकदा बघतो’ म्हणणे धोक्याचे. तोवर आत तो आकडा खालीच गेलेला असतो. ऑल इंडिया डिफिकल्ट एअरवे असोसिएशनच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचना भारतीय रुग्णालये डोळ्यांसमोर ठेवून लिहिल्या आहेत. नळी घालताना नाकातून प्राणवायू चालू ठेवावा, सॅच्युरेशन किमान ९५ असेल तरच पुढचा प्रयत्न करावा आणि एकूण तीनपेक्षा जास्त प्रयत्न करू नयेत, असे त्या सांगतात. मधल्या वेळात मास्कने श्वास देऊन आकडा वर आणायचा. नळी बसत नसेल तर घशावर बसणारा मास्क, एलएमए. त्यानेही भागले नाही आणि मास्कनेही छाती वर येत नसेल, तर गळ्यासमोरून छेद. सॅच्युरेशन शून्याकडे जाताना हा निर्णय घेणे फार अवघड जाते, म्हणून कोण कापणार हे औषध भरण्यापूर्वीच मोठ्याने बोलून ठरवावे.

ठाणे जिल्ह्यात भूलतज्ज्ञांना वारंवार भेटणारी एक अडचण सुपारीची आहे. गुटखा, मावा, चवीची सुपारी वर्षानुवर्षे चघळणाऱ्यांच्या गालांच्या आतली त्वचा ताठ होते आणि तोंड दोन बोटेसुद्धा उघडत नाही. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, पण कडक झालेले गाल बंदीने मऊ होत नाहीत. तोंडाच्या कर्करोगाचे रुग्ण खारघरच्या टाटा मेमोरियलच्या ॲक्ट्रेकसारख्या संस्थेत उपचारांना येतात, त्यांच्यातही हाच प्रश्न असतो. अशा रुग्णाचा श्वास थांबवायचाच नाही, हा उत्तम मार्ग. नाक आणि घसा औषधाने बधिर करून, रुग्ण जागा आणि श्वास घेत असताना, लवचीक दुर्बिणीवरून एका नाकपुडीतून नळी नेतात आणि दुसऱ्या नाकपुडीतून प्राणवायू चालू ठेवतात.

उरला प्रश्न प्राणवायू येतो कुठून. कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयासारख्या मोठ्या ठिकाणी तो भिंतीतल्या पाइपलाइनमधून येतो. मास्क आणि नाकातली नळी एकाच वेळी चालवायला दोन फ्लोमीटर लागतात. पलंगाशी एकच असेल तर दुसऱ्यासाठी सिलिंडर आधीच ओढून आणावा लागतो. छोट्या नर्सिंग होममध्ये भिस्त जंबो सिलिंडरवर असते, त्यात सुमारे ७००० लिटर. मिनिटाला ६० लिटर खाणाऱ्या यंत्राला तो दोन तासही पुरत नाही. कोविडच्या काळात हे गणित सगळ्या राज्याला पाठ झाले. १९ एप्रिल २०२१ रोजी नवी मुंबईतल्या कळंबोलीहून ७ रिकामे टँकर घेऊन पहिली ऑक्सिजन एक्स्प्रेस विशाखापट्टणमला निघाली होती. रुग्णवाहिकेतला बी-टाइप सिलिंडर सुमारे १५०० लिटरचा. मास्क १५ वर आणि नाक १५ वर ठेवले तर ५० मिनिटे, काटा अर्ध्यावर असेल तर २५. नळी घालून झाल्यावर रुग्णाला ऐरोलीच्या पुलावरून मुंबईत न्यायचे असेल, तर त्या वाटेवरची संध्याकाळची गर्दी या २५ मिनिटांतून वजा करावी लागते, म्हणून काटा नळी घालण्याआधी बघतात.