उंबरठा उत्पादन : खाली सरकत जाणारी मोजपट्टी

गाडीला धक्का लागला की त्या गाडीची पाहणी होते आणि त्या गाडीपुरती भरपाई मिळते. पीकविमाही तसाच चालतो, असा समज शहरातच नव्हे तर गावातही आहे. म्हणूनच ‘आमचे सोयाबीन गेले, हप्ता भरला होता, मग पैसे का आले नाहीत?’ हा प्रश्न दरवर्षी कानावर येतो. त्याचे उत्तर बहुधा कोणाच्या तरी लबाडीत शोधले जाते. परंतु सर्वांनी आपापले काम चोख केले तरीही शेतकऱ्याच्या हाती काही पडू नये, अशी शक्यता विम्याच्या सूत्रातच आहे, आणि हवामान बिघडत जाईल तशी ती वाढत जाणार आहे.

पीकविम्यात एकेका शेताचे नव्हे, तर संपूर्ण परिसराचे नुकसान मोजले जाते. लहान लहान तुकड्यांची कोट्यवधी शेते स्वतंत्रपणे तपासणे अशक्य आहे, म्हणून सारख्या परिस्थितीतील परिसर हाच विम्याचा घटक मानावा, असा आग्रह पुण्याच्या गोखले संस्थेतील अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर यांनी १९७०च्या दशकात धरला, आणि १९७९ची प्रायोगिक योजना व १९८५ची देशव्यापी योजना त्याच विचारावर उभ्या राहिल्या. २०१६पासूनच्या प्रधानमंत्री पीक विमा योजनेचा कणाही तोच आहे. महाराष्ट्रात प्रमुख पिकांसाठी हा घटक म्हणजे महसूल मंडळ, अर्थात काही गावांचा गट. एक रुपयात पीकविमा बंद झाल्यानंतर, २०२५च्या खरिपापासून राज्यात शेतकऱ्याने वैयक्तिक तक्रार नोंदवून मिळणारी स्थानिक आपत्तीची भरपाईही थांबली आणि सारी भिस्त मंडळाच्या सरासरी उत्पादनावर आली. ओढ्याकाठचे रान वाहून गेले आणि माळावरचे पीक तगले, तर सरासरीत ओढ्याकाठचा शेतकरी दिसेनासा होतो.

ही सरासरी पीक कापणी प्रयोगातून निघते. असा एक प्रयोग मी मराठवाड्यातील एका गावात बांधावर उभा राहून पाहिला आहे. मोजायचे शेत आणि शेतातील कोपरा यादृच्छिक अंकांवरून ठरतो, म्हणजे चांगले किंवा वाईट रान निवडण्याची मुभा कोणालाच राहत नाही. खुंट्या ठोकून, दोरी ताणून १० मीटर लांब आणि ५ मीटर रुंद असा चौकोन आखला गेला. त्यातले सोयाबीन कापून ताडपत्रीवर मळले आणि दाणे पाखडून काट्यावर ठेवले. वजन भरले साडेचार किलो. एका हेक्टरमध्ये असे २०० चौकोन बसतात, म्हणून हेक्टरी उत्पादन ९०० किलो. याचा अर्थ काट्यावरची १०० ग्रॅमची चूक कागदावर हेक्टरी २० किलोंची होते. दोरीवर उभे असलेले झाड आत धरायचे की बाहेर, यावर तेथे बराच वेळ चर्चा झाली. ती चर्चा बाहेरच्या माणसाला किरकोळ वाटेल, पण सातारा जिल्ह्यातील बुध गावचे संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी १९४०च्या दशकात नेमका हाच प्रश्न लावून धरला होता. सीमेवरचे झाड आत ओढून घेण्याकडे माणसाचा कल असतो, आणि चौकोन जितका लहान तितका क्षेत्रफळाच्या मानाने त्याचा परिघ मोठा. एक चौरस मीटरच्या तुकड्याला ४ मीटर सीमा असते, तर आपल्या ५० चौरस मीटरच्या चौकोनाला केवळ ३० मीटर. त्यामुळे लहान तुकड्यांवरून काढलेले उत्पादन खऱ्यापेक्षा जास्त दिसते, हे सुखात्म्यांनी आकडेवारीनिशी दाखवले. लहान तुकड्यांचा पुरस्कार करणारे संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्याशी त्यांचा झालेला वाद भारतीय संख्याशास्त्रात प्रसिद्ध आहे. उत्पादन जास्त दिसले की भरपाई घटते, एवढे येथे ध्यानात ठेवावे.

आता मुख्य सूत्राकडे वळू. मंडळातील गेल्या सात वर्षांपैकी सर्वांत चांगल्या पाच वर्षांच्या उत्पादनाची सरासरी काढतात आणि तिला जोखीमस्तराने, म्हणजे त्या सरासरीच्या जितक्या हिश्श्याची हमी विमा देतो त्या टक्केवारीने, गुणतात. महाराष्ट्रात तो ७० टक्के आहे. येणाऱ्या आकड्याला उंबरठा उत्पादन म्हणतात. यंदाचे उत्पादन त्याच्या खाली गेले तरच भरपाई मिळते, आणि जितके टक्के खाली गेले तितकेच टक्के विमा संरक्षित रकमेतून, म्हणजे पीक पूर्ण गेल्यास मिळणाऱ्या हेक्टरी रकमेतून, मिळतात. समजा, एखाद्या मंडळाचे सात वर्षांचे हेक्टरी उत्पादन १५००, १४००, १३००, ७००, १२००, ६०० आणि १४०० किलो आहे. ७०० आणि ६००ची वर्षे वगळली की सरासरी १३६० येते आणि उंबरठा ९५२. यंदा आपल्या चौकोनाप्रमाणे मंडळाची सरासरीही ९०० किलो निघाली, तर शेतकऱ्याच्या दृष्टीने नेहमीच्या पिकातला एक तृतीयांश हिस्सा गेला. विम्याच्या दृष्टीने मात्र तूट ९५२ वजा ९०० म्हणजे ५२ किलो, सुमारे साडेपाच टक्के. विमा संरक्षित रक्कम ५०,००० रुपये धरली तर हाती २,७३१ रुपये येतील.

याच मंडळात पुढची सात वर्षे १२००, ७००, ११००, ६००, ९००, १००० आणि ८०० अशी गेली असे समजा. सूत्र आताही दोनच वाईट वर्षे वगळते, कारण सातांत दोन वर्षे वाईट निघतील अशी उदारता त्यात आहे, तीन किंवा चार निघतील अशी नाही. उरलेल्या पाचांची सरासरी १००० आणि उंबरठा ७००. आता ९०० किलो पिकले तर भरपाई शून्य, ७०० पिकले तरीही शून्य. तेच रान, तीच मेहनत आणि अधिक मोठी तूट, पण मोजपट्टी स्वतःच खाली उतरलेली. वाईट वर्षे जितकी वाढतील तितके ‘सामान्य’ वर्षाचे माप घसरते, आणि हवामान बदलाने केलेले नुकसान पुढच्या हिशेबात नुकसान म्हणून मोजलेच जात नाही. मला सर्वाधिक अस्वस्थ करणारी बाब ही आहे.

वाईट वर्षे वाढण्यामागे भौतिकशास्त्र आहे. तापमान एक अंश सेल्सिअसने वाढले की हवेची बाष्प धरण्याची क्षमता सुमारे ७ टक्क्यांनी वाढते. म्हणून कोसळतो तेव्हा पाऊस अधिक कोसळतो, आणि उघडीप पडते तेव्हा तीच तहानलेली हवा जमिनीतली ओल अधिक वेगाने ओढून घेते. मध्य भारतात व्यापक अतिवृष्टीच्या घटना १९५० ते २०१५ या काळात तिप्पट झाल्याचे पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवले. नक्षत्राचे वाहन बेडूक की कोल्हा यावरून पावसाचा अंदाज बांधून पेरणी ठरवणे बाष्पाच्या या हिशेबापुढे टिकत नाही, आणि अशा भाकितांना दरवर्षी ठळक जागा देणारे शेतकऱ्याचे नुकसानच करतात. उपग्रहाने सारे प्रश्न सुटतील हा प्रचारही तितकाच सावधपणे घ्यावा: पानांचा हिरवेपणा उपग्रहाला दिसतो, पण हिरव्यागार सोयाबीनच्या शेंगेत दाणा भरला आहे की नाही हे त्या हिरवेपणावरून कळत नाही.

मोजपट्टी स्थिर ठेवण्याचे मार्ग आहेत. जोखीमस्तर ९० टक्क्यांपर्यंत नेण्याची सोय योजनेतच आहे. वरच्या उदाहरणात तसे केले तर पहिल्या सात वर्षांचा उंबरठा १२२४ येतो आणि ९०० किलोंवर सुमारे १३,२०० रुपये मिळतात. सात वर्षांऐवजी जुना, लांब कालखंड आधार म्हणून धरता येईल. पण जोखीम वाढली की विम्याचा हप्ता वाढतो, आणि हवामान न्यायाचा प्रश्न येथे उभा राहतो: तो वाढीव हप्ता कोणी भरायचा? औद्योगिक क्रांतीपासून हवेत सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडपैकी सुमारे चौथा हिस्सा एकट्या अमेरिकेचा आहे, तर भारताचे दरडोई उत्सर्जन आजही जागतिक सरासरीच्या निम्म्याहून कमी आहे, आणि दोन एकरांच्या कोरडवाहू शेतकऱ्याचे तर त्याहूनही किती तरी कमी. हवामान बदलाचा फटका बसलेल्या गरीब देशांसाठी हानी आणि नुकसान निधी उभारण्याचा निर्णय २०२२ मध्ये इजिप्तमधील शर्म अल शेखच्या हवामान परिषदेत झाला. वाढीव हप्त्याचा भार अशा निधीने उचलावा, ही मागणी दयेची नाही. ज्याने जोखीम वाढवली त्यानेच तिची किंमत द्यावी, हा विम्याचाच नियम आहे.

सप्टेंबर २०२५च्या अतिवृष्टीत मराठवाड्यात अनेक ठिकाणी पिकाबरोबर जमीनही खरवडून गेली. खरवडलेली माती कापणी प्रयोगाच्या कोणत्याही रकान्यात बसत नाही. त्या खरिपाचा हेक्टरी आकडा मात्र मंडळाच्या सात वर्षांच्या कोष्टकात शिरला आहे, आणि पुढची वर्षे सावरली नाहीत तर तो ‘चांगल्या पाच’ वर्षांतही मोजला जाईल.