दारात घडी घालून ठेवलेली घसरगुंडी

अहमदाबादला १२ जून २०२५ रोजी झालेल्या अपघातात विमानातल्या २४२ जणांपैकी एकच जण वाचला. त्याची सीट होती ११ए. पाठोपाठ बातमी आली की १९९८ साली थायलंडमधल्या अपघातातून बचावलेला एक गायकही ११एवरच बसला होता. झालं, व्हॉट्सॅपवर ११ए ही नशीबवान सीट ठरली आणि तिकीट काढताना ती मुद्दाम मागणारे निघाले.

सीटचे क्रमांक प्रत्येक कंपनी आपापल्या मांडणीप्रमाणे देते. अहमदाबादच्या त्या ७८७ मध्ये ११ए आपत्कालीन दाराशेजारी होती. बोइंग ७३७-८०० च्या काही मांडण्यांत मात्र ११एला साधी खिडकीसुद्धा नसते, कारण तिथून एसीची नळी वर जाते. ज्यांना आकडा हवाच आहे त्यांनी आपल्या सीटपासून दार किती रांगा लांब आहे तो आकडा लक्षात ठेवावा. पण दार नुसतं जवळ असून भागत नाही. एअरबस ए३२० चा उंबरठा जमिनीपासून साधारण साडेतीन मीटरवर असतो, म्हणजे पहिल्या मजल्याच्या गॅलरीइतका. तिथून दीडशे-पावणेदोनशे माणसं खाली उतरवायची कशी, याचं उत्तर त्या दाराच्या पोटातच घडी घालून ठेवलेलं असतं.

मुंबई विमानतळाच्या टर्मिनल २ वर विमानाची दारं लागली की स्पीकरवर एक वाक्य येतं, ‘केबिन क्रू, आर्म डोअर्स अँड क्रॉसचेक.’ काही कंपन्या याच अर्थाने ‘डोअर्स टू ऑटोमॅटिक’ म्हणतात. त्या वेळी बहुतेक प्रवासी घरी शेवटचा फोन करत असतात, त्यामुळे ते कुणी ऐकत नाही. खरं तर पुढच्या सगळ्या प्रवासातलं सर्वांत महत्त्वाचं यांत्रिक काम त्या दहा-पंधरा सेकंदांत उरकतं.

दाराच्या खालच्या भागाला आतून एक फुगवटा दिसतो. त्यात रबराचा लेप दिलेल्या मजबूत कापडाची घसरगुंडी आवळून बांधलेली असते. तिचं उंबरठ्याकडचं टोक एका धातूच्या दांडीला जोडलेलं असतं. या दांडीला गर्ट बार म्हणतात. दार ‘डिसआर्म’ असताना ही दांडी दाराबरोबर असते, त्यामुळे दार उघडलं तर घसरगुंडीही दाराबरोबर निमूट बाजूला जाते. ‘आर्म’ केलं की दांडी दाराला सोडून केबिनच्या जमिनीवरच्या खाचांमध्ये अडकते. आता दार बाहेर गेलं की दांडी जागेवरच राहते, घडी दारातून ओढली जाते आणि वजनाने खाली कोसळते. कोसळता कोसळता एक दोरी ताणली जाऊन सिलिंडरचा व्हॉल्व्ह उघडतो. ए३२० मध्ये हे एका लिव्हरने होतं. ७३७ मध्ये क्रूला वाकून दांडी हाताने खाचांत बसवावी लागते आणि खूण म्हणून खिडकीवर लाल पट्टा आडवा लावावा लागतो. क्रॉसचेक म्हणजे आपलं दार झाल्यावर समोरच्याचं दार आपल्या डोळ्यांनी बघणं.

सिलिंडर उघडल्यावर जे होतं, तो या सगळ्यातला सर्वांत सुंदर भाग आहे.

अमेरिकी नियमांप्रमाणे घसरगुंडी साधारण ६ सेकंदांत फुगून तयार हवी, ‘टाइप सी’ या मधल्या मापाच्या दारांसाठी दार उघडायला घेतल्या क्षणापासून १० सेकंदांत. हिशेबासाठी समजा, तिच्या नळ्यांमध्ये ५ घनमीटर जागा आहे आणि माणसांचं वजन पेलायला आतला दाब बाहेरच्यापेक्षा २० टक्के जास्त लागतो. म्हणजे साध्या दाबाची ६ घनमीटर हवा, ६००० लिटर. ती सगळी २०० पट दाबाच्या सिलिंडरातून आणायची तर सिलिंडर ३० लिटरचा लागेल. असा जाड भिंतींचा सिलिंडर प्रत्येक दारात, प्रत्येक उड्डाणात वाहून न्यायचा, तोही बहुधा आयुष्यात एकदाही न वापरण्यासाठी.

यावरचा तोडगा आपल्या ओट्यावर आहे. गॅसच्या शेगडीचं बटण फिरवलं की गॅस एका बारीक जेटमधून जोरात सुटतो आणि बर्नरच्या नळीत शिरतो. नळीच्या तोंडाशी मोकळी जागा असते. वेगाने जाणारा गॅसचा झोत आजूबाजूची हवा आपल्याबरोबर आत खेचून नेतो आणि म्हणून निळी ज्योत मिळते. शेगडीला ना पंखा असतो ना पंप. जेट चोंदला की झोत मंदावतो, हवा कमी खेचली जाते आणि ज्योत पिवळी पडून भांड्यांची बुडं काळी होतात. घसरगुंडीच्या अंगाला अशाच नळ्या बसवलेल्या असतात. त्यांना ॲस्पिरेटर म्हणतात. सिलिंडरातला वायू त्यांच्या आतल्या बारीक नोझलमधून प्रचंड वेगाने सुटतो आणि बाहेरची हवा धबाधबा आत ओढतो. घसरगुंडी भरते ती मोठ्या प्रमाणात विमानतळावरच्याच हवेने. सिलिंडर फक्त ढकलण्याचं काम करतो, त्यामुळे तो लहान ठेवता येतो.

ही युक्ती सुरुवातीला चालते, शेवटी नाही. आतला दाब वाढत गेला की झोताला हवा खेचणं जड जातं आणि एका टप्प्यावर आतलीच हवा उलट बाहेर पडू पाहते. म्हणून ॲस्पिरेटरच्या तोंडाशी झडपा असतात. आतून दाब आला की त्या आपोआप मिटतात आणि उरलेला दाब सिलिंडरातला वायू एकटा भरून काढतो. झडपेत कापडाचा तुकडा किंवा कचरा अडकला तर ती मिटत नाही आणि घसरगुंडी मऊ राहते. मऊ घसरगुंडी माणसाच्या वजनाने मधोमध दुमडते.

सिलिंडरात भरतात कार्बन डायऑक्साइड आणि नायट्रोजनचं मिश्रण. कार्बन डायऑक्साइड दाबाखाली द्रव होतो, त्यामुळे थोड्या जागेत भरपूर मावतो. पण त्याची एक खोड आहे. २० अंश सेल्सिअसला त्याचा बाष्पदाब वातावरणाच्या सुमारे ५७ पट असतो, उणे ४० ला तो जेमतेम १० पट उरतो. शिवाय द्रवाचा वायू होताना तो स्वतःच गारठतो आणि नोझलमध्ये बर्फासारखा गोठू शकतो. नायट्रोजन या तापमानांना द्रव होत नाही, त्यामुळे त्याचा दाब थंडीतही फारसा पडत नाही. तो कार्बन डायऑक्साइडला मागून रेटत राहतो. मुंबईच्या मे महिन्यात हे सगळं अनावश्यक वाटेल, पण तेच विमान संध्याकाळी लेहला किंवा जानेवारीत टोरंटोला असू शकतं. उड्डाणाआधी क्रू दारापाशी वाकून एका छोट्या खिडकीत बघताना दिसतात, ते या सिलिंडरचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे का ते पाहत असतात.

वारा हा घसरगुंडीचा खरा शत्रू. ताशी ४६ किलोमीटर, म्हणजे २५ नॉट वाऱ्यातही ती एका माणसाच्या मदतीने वापरण्याजोगी राहिली पाहिजे, अशी अट आहे. जुलैतल्या मुंबईत वाऱ्याचे झोत याहून जोरात येतात. दुबईला ३ ऑगस्ट २०१६ रोजी तिरुअनंतपुरमहून आलेलं बोइंग ७७७ धावपट्टीवर आपटलं, तेव्हा वाऱ्याने काही घसरगुंड्या उचलून विमानाच्या अंगाला टेकवल्या. पुढचं चाक मोडून नाक खाली टेकलं तर आणखी वेगळा घोळ होतो. शेपूट वर जातं आणि मागच्या दाराची घसरगुंडी जवळजवळ सरळ उभी लोंबते.

म्हणून क्रूच्या प्रशिक्षणात दार ‘उघडायला’ शिकवण्याआधी ते कधी उघडायचं नाही हे शिकवतात. खऱ्या मापाच्या नकली केबिनमध्ये, धूर सोडून, प्रत्येकाकडून हे करून घेतात आणि दर वर्षी पुन्हा. क्रम असा: आधी खिडकीतून बाहेर बघायचं, आग, पाणी, फिरतं इंजिन आहे का. मग दार आर्म आहे याची खात्री. एका हाताने भिंतीवरची पकडायची मूठ घट्ट धरायची, कारण आर्म केलेलं ए३२० चं दार नायट्रोजनच्या जोरावर झटक्यात उघडतं आणि धरून ठेवणाऱ्यालाही सोबत नेऊ शकतं. दाराची मूठ पूर्ण वर, अर्ध्यात थांबायचं नाही. दार गेलं की उंबरठ्याच्या उजवीकडचं लाल हँडल ओढायचं. घसरगुंडी आपोआप फुगत असली तरी ओढायचंच. फुगतेय की नाही याची वाट बघण्यात सेकंद घालवायचे नाहीत. मग खाली नजर: ती जमिनीला टेकली का, ताठ आहे का. त्यानंतरच पहिला माणूस. काही बिघडलं असेल तर उंबरठ्यात हात आडवे पसरून उभं राहायचं आणि लोंढा दुसऱ्या दाराकडे वळवायचा.

शिकणाऱ्यांची नेहमीची चूक मजेशीर आणि भीतीदायक दोन्ही आहे. शेकडो उड्डाणांनंतर हाताला सवय लागते की दार उघडण्याआधी लिव्हर डिसआर्मवर न्यायचा. गडबडीत तोच हात तेच करतो, आणि दार उघडतं तेव्हा समोर घसरगुंडी नसते, साडेतीन मीटरची उडी असते. दुसरी चूक आवाजाची. रोज ‘प्लीज’ म्हणणाऱ्यांना इथे ‘सामान सोडा! इकडे या! उडी मारा!’ असं ओरडावं लागतं, आणि ते पोटातून यावं लागतं. ‘बसा’ नाही, ‘उडी मारा’, कारण उंबरठ्यावर बसून हळूच सरकणारा माणूस मागच्या रांगेचे दोन-तीन सेकंद खातो. आपली वर्तमानपत्रं अजून ‘हवाईसुंदरी’ लिहितात आणि मुंबईतल्या क्लासच्या जाहिराती उंची, त्वचा आणि हसू यांच्या गप्पा मारतात. त्या लाल हँडलचा उल्लेख एकाही जाहिरातीत नसतो. डीजीसीएच्या, म्हणजे आपल्या विमान वाहतूक नियामकाच्या, नियमाने दर ५० सीटमागे किमान एक क्रू लागतो, तो चहा वाढण्यासाठी नव्हे.

सेकंदांचा हिशेब इतका बारीक का? ४४ हून अधिक सीटच्या विमानाला मान्यता मिळताना निम्मीच दारं वापरून, अंधारात, ९० सेकंदांत सगळे बाहेर पडतात हे दाखवावं लागतं. २००६ मध्ये हॅम्बुर्गला एअरबस ए३८० मधून ८७३ जण ७८ सेकंदांत उतरले. सर्वांत मोठ्या प्रकारच्या एका दारातून, दोन रांगांनी, ११० प्रवासी जातील असं गृहीत धरतात. म्हणजे सेकंदाला एकाहून जास्त. दादरला गाडी थांबल्यावरचा वेग साधारण डोळ्यांसमोर आणा, फक्त इथे चढणारं कुणी नसतं. या वेगात बॅग काढायला थांबलेला एक माणूस म्हणजे मागचे पाच-सात जण. दुबईच्या त्या अपघातात लोक वरच्या कप्प्यांतून बॅगा काढत होते, त्याचा व्हिडिओ जगभर फिरला. विमानातले ३०० च्या ३०० वाचले. थांबल्यावर नऊ-दहा मिनिटांनी इंधनाच्या टाकीचा स्फोट झाला आणि त्यात अग्निशमन दलाचा एक जवान गेला.

९० सेकंद ही चाचणीची अट आहे, हमी नाही. टोकियोच्या हानेदा विमानतळावर २ जानेवारी २०२४ रोजी जळत्या ए३५० मधले ३७९ जण वाचले, पण शेवटचा माणूस बाहेर पडायला उतरल्यापासून १८ मिनिटं लागली. घोषणा यंत्रणा बंद पडली होती, क्रूने मेगाफोन वापरले. आठपैकी तीनच दारं वापरली, कारण बाकीच्यांबाहेर आग होती. मागच्या दारावरून कॉकपिटशी संपर्क होईना, तेव्हा तिथल्या क्रूने स्वतःच्या अखत्यारीत दार उघडलं. इंटरनेटवर याला ‘जपानी शिस्तीचा चमत्कार’ म्हणून झालं. शिस्त होतीच, पण पाच दारं बंद ठेवण्याचा निर्णय खिडकीतून बघूनच झाला होता.

आता नेहमीचा प्रश्न: एखाद्या माथेफिरूने हवेत दार उघडलं तर? ३५ हजार फुटांवर आत-बाहेरच्या दाबातला फरक दर चौरस सेंटिमीटरला अर्ध्या किलोहून थोडा जास्त असतो. ए३२० चं दार सुमारे १५ हजार चौरस सेंटिमीटरचं, म्हणजे त्यावर पावणेआठ टन भार. दार उघडायचं तर ते आधी किंचित आत आणि वर सरकावं लागतं. ते कुणाच्याही मनगटात नाही. पण खाली येताना हा फरक शून्याकडे जातो. मे २०२३ मध्ये कोरियातल्या देगू इथे एका प्रवाशाने ए३२१ चं दार २१३ मीटर उंचीवर उघडलं, ते याचमुळे.

जमिनीवर धोका उलटा असतो. मुंबईला सहार विमानतळावर विमान थांबताच अर्धी केबिन उभी राहते, तेव्हा क्रू लिव्हर डिसआर्मवर नेऊन त्यात लाल फीत असलेली पिन घालत असतात. हे राहिलं आणि आतून मूठ किंचित जरी वर गेली तर ए३२० च्या खिडकीपाशी पांढरा दिवा लागतो: स्लाइड आर्म्ड. शेजारचा लाल दिवा लुकलुकला तर केबिनमध्ये अजून दाब शिल्लक आहे. पांढऱ्या दिव्याकडे दुर्लक्ष झालं तर काही सेकंदांत दाराबाहेर, हाय-लिफ्टवर (दाराच्या उंचीपर्यंत वर उचलल्या जाणाऱ्या गाडीवर) जेवणाच्या ट्रॉल्या घेऊन उभ्या असलेल्या केटरिंगच्या माणसाच्या छातीवर शेकडो किलोच्या जोराने घसरगुंडी येऊन आदळते. म्हणून बाहेरून दारावर टकटक झाली तरी क्रू आधी लिव्हर, मग पिन, मग दोन्ही दिवे बघतात, खिडकीतून अंगठा दाखवतात आणि मगच मूठ वर करतात.