ठाण्याची साष्टी आणि गोव्याची साष्टी

ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात बसून पेशवाईचा इतिहास वाचणाऱ्याची १७३९ या सालापाशी हमखास फसगत होते. एका पानावर मराठ्यांनी साष्टी घेतलेली असते आणि वसईला मोर्चे लागलेले असतात. दुसऱ्या पानावर, त्याच वर्षीच्या जानेवारीत, मराठ्यांचेच सरदार व्यंकटराव घोरपडे साष्टीत शिरतात, मडगाव घेतात आणि रायतूरच्या किल्ल्याला वेढा घालतात. जी साष्टी आधीच हाती आली होती, तिच्यावर पुन्हा स्वारी कशासाठी, असा प्रश्न पडतो. उत्तर सोपे आहे. साष्टी दोन होत्या, दोन्ही फिरंग्यांच्या ताब्यात होत्या, आणि दोहोंच्या मधे जवळजवळ अख्खे कोकण पसरलेले होते.

नाव सारखे असण्याचे कारण गावांच्या मोजणीत आहे. संस्कृत ‘षट्षष्टी’ म्हणजे सहासष्ट. सहासष्ट गावांचा मुलूख तो साष्टी. ठाण्याच्या बाबतीत हे नाव शिलाहारांइतके जुने आहे. भांडुपला सापडलेल्या छित्तराजाच्या शके ९४८ म्हणजे इसवी सन १०२६ च्या ताम्रपटात श्रीस्थानकाच्या, अर्थात ठाण्याच्या, अंतर्गत षट्षष्टी ‘विषया’चा, म्हणजे मुलखाचा, उल्लेख येतो. गोव्याकडेही सहासष्ट गावांचीच परंपरा सांगितली जाते, आणि तिथे ती एकटी नाही, कारण शेजारचा तिसवाडी तालुका तीस वस्त्यांवरून आणि बारदेश बारा देशांवरून नाव मिरवतो. गोव्यातील मराठीत ‘सासष्टी’ असेही रूप आढळते. इंग्रजी स्पेलिंगमध्ये आज दोन्ही वेगळ्या दिसतात. जुन्या कागदांत मात्र तेवढाही आधार मिळत नाही.

ठाण्याची साष्टी हे बेट आहे. उत्तरेला वसईची खाडी, पूर्वेला ठाण्याची खाडी, दक्षिणेला माहीमची खाडी आणि पश्चिमेला अरबी समुद्र. आजचे मुंबईचे उपनगर, मीरा-भाईंदर आणि ठाणे शहराचा खाडीअलीकडचा भाग मिळून ही साष्टी होते. कळवा, मुंब्रा, दिवा आणि सगळी नवी मुंबई तिच्याबाहेर राहते, म्हणजे कळव्याचा पूल ओलांडणारा ठाणेकर दररोज नकळत साष्टी सोडून जात असतो. गोव्याची साष्टी बेट नाही. दक्षिण गोव्यातला तो एक तालुका आहे, मडगाव हे त्याचे मुख्य ठिकाण आणि साळ ही त्याची नदी. जुन्या साष्टीत मोडणारा मुरगावचा भाग आता स्वतंत्र तालुका झाला आहे.

पोर्तुगीज दोन्हीकडे थोड्याच वर्षांच्या अंतराने आले. गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने डिसेंबर १५३४ च्या तहाने वसई आणि तिच्याबरोबर ठाण्याची साष्टी त्यांना दिली. गोव्याची साष्टी आणि बारदेश त्यांना १५४३ मध्ये आदिलशाहीकडून मिळाले. दोन्ही ठिकाणी चर्च उभी राहिली, जमिनी वाटल्या गेल्या, धर्मांतरे झाली. पुढच्या दोनशे वर्षांचा विचार करता दोन्ही साष्टींची कहाणी बरीचशी एकच वाटते. फरक पडतो तो मराठ्यांच्या मोहिमेने. चिमाजी अप्पांच्या नेतृत्वाखाली मार्च १७३७ मध्ये ठाण्याचा किल्ला पडला आणि मे १७३९ मध्ये वसई. गोव्यावरच्या स्वारीचा मोठा हेतू तिथल्या पोर्तुगिजांना गुंतवून ठेवून वसईला मदत पोहोचू न देणे हा होता. तो साधला, वसई हाती आली, तह झाला, आणि गोव्याची साष्टी पोर्तुगिजांकडेच राहिली. त्याआधी डिसेंबर १६८३ मध्ये संभाजी महाराजांनीही तिच्यावर चाल केली होती, पण औरंगजेबाचा मुलगा शहाआलम याची मोगली फौज कोकणात उतरल्याने त्यांना माघारी वळावे लागले. म्हणजे मराठे या साष्टीत दोनदा शिरले आणि दोन्ही वेळा राज्य मात्र फिरंग्यांचेच उरले, ते थेट १९ डिसेंबर १९६१ पर्यंत.

ठाण्याकडची मराठी अंमलाची मुदतही फार लांबली नाही. डिसेंबर १७७४ मध्ये इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला घेतला आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने साष्टी त्यांच्याकडे कायम झाली. पण त्या मधल्या काळात रामाजी महादेव बिवलकर यांनी १७६० च्या सुमारास कोपिनेश्वराचे मंदिर उभारले, आणि त्याच मासुंदा तलावाजवळ पोर्तुगीजकालीन सेंट जॉन द बाप्टिस्ट चर्चही टिकून आहे. तलावपाळीवर संध्याकाळी फिरताना दोन्ही राजवटी अशा एका नजरेत येतात. किल्ल्यात आता कारागृह आहे.

गोव्याकडे असा शेजार दिसत नाही, कारण तिथली देवळे सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात पोर्तुगीज हद्द सोडून गेली. कुट्ठाळीचा मंगेश प्रियोळला गेला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला आणि मडगावचा दामोदर जांबावलीला. कुंकळ्ळीकरांनी १५८३ मध्ये उठाव केला; त्यांची शांतादुर्गा फातर्प्याला गेली, पण वर्षातून एकदा ती छत्र्यांच्या मिरवणुकीने आपल्या जुन्या गावी येते. ठाण्यातली अनेक सारस्वत कुटुंबे कुलदेवतेला म्हणून फोंड्याकडे, म्हणजे प्रियोळ, कवळे, म्हार्दोळला जातात, तेव्हा त्या देवांचे मूळ गाव साष्टीत होते हे त्यांतल्या थोड्यांनाच ठाऊक असते.

याच संदर्भात एक गैरसमज दूर करायला हवा. ठाणे-वसईकडचे जुने ख्रिस्ती गोव्याहून आले असे सर्रास मानले जाते. ते येथलेच, मराठीची बोली बोलणारे लोक आहेत आणि ‘ईस्ट इंडियन’ हे नाव त्यांनी १८८७ मध्ये घेतले. गोव्याच्या साष्टीतील ख्रिस्ती समाजाची भाषा कोकणी आहे, जरी फादर स्टीफन्स यांचे मराठी ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये त्याच साष्टीतल्या रायतूरला छापले गेले असले तरी.

हवामानाबाबत लिहिण्याजोगा फरक थोडाच. दोन्हीकडे दमट उष्मा, ऑक्टोबरची काहिली आणि वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून अधिक पाऊस. मोसमी पाऊस गोव्यात काही दिवस आधी पोहोचतो. हिवाळ्याच्या रात्री मात्र उत्तरेकडच्या ठाण्यात अधिक गार असतात. आणि शहर व समुद्र यांच्या मधे येऊरचे डोंगर असल्याने उन्हाळ्यात ठाण्याला समुद्रवाऱ्याचा तेवढा दिलासा मिळत नाही, जेवढा उघड्या किनाऱ्यावरच्या कोलव्याला मिळतो.

पाहायला जाणाऱ्याने अपेक्षा वेगळ्या ठेवाव्यात. गोव्याच्या साष्टीत माजोर्डा, कोलवा, बाणावलीपासून मोबोरपर्यंत सलग पांढरी वाळू आहे आणि आत चांदरला, म्हणजे कदंबांच्या जुन्या चंद्रपुरात, मिनेझिस ब्रागांझांचा वाडा. ठाण्याच्या साष्टीचे वैभव किनाऱ्यावर नाही, पोटात आहे: शंभराहून अधिक लेण्यांची कान्हेरी, विहार आणि तुळशीचे तलाव, आणि त्यांना वेढून असलेले सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान. माझ्या मते यात ठाण्याचे पारडे जड आहे, पण ठाणेकराचे हे मत पक्षपाती समजावे.

वाचताना ओळखायची खूण सोपी आहे. वाक्यात शेजारी वसई, धारावी, घोडबंदर, कल्याण अशी नावे आली तर साष्टी आपली. बारदेश, फोंडे, रायतूर, कुंकळ्ळी आली तर गोव्याची. आजच्या बोलण्यात तर तेवढीही गरज उरलेली नाही, कारण गोव्यात साष्टी हा चालता-बोलता तालुका आहे आणि ठाण्यात ते नाव कोणी घेतच नाही. ठाणे स्थानकावर मांडवी एक्सप्रेसमध्ये बसणारा प्रवासी संध्याकाळी मडगावला उतरतो, तेव्हा एका साष्टीतून दुसऱ्या साष्टीत आल्याचे त्याला कुठलीच पाटी सांगत नाही.